गिळलं, पण पचलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "शाळेत शिकलो की पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात. गिळतात म्हणजे नेमकं काय करतात? आत गेल्यावर जंतूचं काय होतं आणि त्याचा चोथा जातो कुठे? एवढी सोय शरीरात आहे, तर माझ्या आजीला टीबी कसा झाला? आणि गेल्या आठवड्यात ताप आला म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली, त्यात न्यूट्रोफिल ७८ टक्के आलेत. म्हणजे माझ्या पेशी चांगलं काम करताहेत ना?"

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सत्तावीस वर्षं रक्ताचे, पुवाचे, बोन मॅरोचे स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले पातळ थर, बघतेय. त्यामुळे उत्तर पुस्तकाच्या क्रमाने येणार नाही, स्लाइडवर जे दिसतं त्या अंगाने येईल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शाळेतल्या वाक्यात सगळा भर 'गिळून टाकतात' यावर असतो आणि तिथेच घोटाळा होतो. गिळणं या पेशींना फारसं जड जात नाही. घोडं अडतं ते बहुतेक वेळा गिळल्यानंतर.

पुवापासून सुरुवात करू, कारण या पेशींची करणी नुसत्या डोळ्यांना दिसते ती तिथेच. गळवातल्या पुवाचा थेंब काचेवर पसरून ग्रॅम स्टेन केला की नजरेच्या टप्प्यात न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसतात, बरेचसे मेलेले किंवा मरायला टेकलेले. त्यांच्या पोटात द्राक्षाच्या घडासारखे जमलेले जांभळे ठिपके असतात, ते स्टॅफिलोकॉकस. रिपोर्टमध्ये आम्ही 'जंतू पेशींच्या आत दिसले' असं मुद्दाम लिहितो. बाहेर सुटे पडलेले जंतू कातडीवरून नमुन्यात मिसळलेले असू शकतात. पेशीच्या पोटातला जंतू मात्र शरीराने स्वतः पकडलेला असतो, म्हणून त्या एका शब्दाला वजन आहे.

पुवाला कधीकधी हिरवट झाक असते, ती पुष्कळदा या पेशींचीच. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि ते रंगाने हिरवं आहे. १९४१ साली आग्नर या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं, तेव्हा त्याचं नावच 'व्हर्डोपेरॉक्सिडेज' म्हणजे हिरवं पेरॉक्सिडेज असं ठेवलं होतं. ते काय करतं ते पुढे येईल.

गिळणाऱ्या पेशी मुख्यतः दोन. न्यूट्रोफिल रक्तात फिरतो. बोन मॅरो रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करून सोडते आणि त्यातला प्रत्येक जण रक्तात काही तास, फार तर ऊतींमध्ये आणखी एक-दोन दिवस जगतो. मॅक्रोफेज मात्र फुप्फुसात, यकृतात, पाणथरीत (प्लीहेत), कातडीत मुक्काम ठोकून असतो, महिनोन्महिने. मी विद्यार्थ्यांना सांगते, न्यूट्रोफिल म्हणजे पंगतीला आलेला पाहुणा, जेवून तिथेच आडवा होणारा. मॅक्रोफेज घरचा माणूस, पंगत उठल्यावर उष्टी काढणारा. मेलेले न्यूट्रोफिलही शेवटी तोच उचलतो.

हे सगळं पहिल्यांदा ज्याने ओळखलं तो डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. १८८२ च्या डिसेंबरात इल्या मेचनिकॉफ सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. तारामाशाच्या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात. त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे त्या अळ्यांच्या अंगात खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी कडं केलं होतं. रक्तवाहिन्या नाहीत, तरी पेशी स्वतःहून गोळा झालेल्या. पुढे त्याने पाणपिसवांच्या अंगात शिरलेल्या यीस्टचे सुईसारखे बीजाणू या पेशी कसे गिळतात ते पाहिलं. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिशबरोबर विभागून मिळालं. एर्लिशचा पक्ष रक्तातल्या विरघळलेल्या द्रव्यांचा, मेचनिकॉफचा पेशींचा. दोघांचे अनुयायी वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी दोघंही बरोबर निघाले. कसे ते आता पाहू.

जंतू आणि पेशी या दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे उघडावाघडा जंतू पेशीला चिकटायला नाखूश असतो. काही जंतूंचे ठरावीक साखरेचे रेणू मॅक्रोफेजला थेट ओळखू येतात, पण खरी भूक लागते ती जंतूवर काहीतरी फासलेलं असेल तर. १९०३ साली लंडनमध्ये आल्मरॉथ राइट आणि डग्लस यांनी दाखवलं, की रक्तद्रवात जंतू बुडवून मग पेशींना दिले तर त्या कितीतरी जास्त गिळतात. त्या द्रव्याला त्यांनी 'ऑप्सोनिन' म्हटलं. ग्रीक 'ऑप्सॉन' म्हणजे भाकरीबरोबर खायचं ते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, तोंडीलावणं. नुसती कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेचा असला की दोन जास्त जातात, तसंच हे.

हे तोंडीलावणं दोन प्रकारचं. एक आयजीजी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. त्यांचं एक टोक जंतूला धरतं आणि दुसरं टोक मोकळं राहतं, त्याला पकडणारे हात पेशीवर असतात. दुसरं रक्तातल्या पूरक प्रथिनांचं, म्हणजे कॉम्प्लिमेंटचं. त्यातला सी३बी हा तुकडा जंतूच्या अंगावर कायमचा चिकटतो. एर्लिशची द्रव्यं मेचनिकॉफच्या पेशींना वाढून देतात, असं हे सहकार्य आहे.

न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जंतू अंगावर शर्करेचं जाड, बुळबुळीत कवच घालून येतो. तोंडीलावणं नसेल तर पेशीच्या हाती तो लागतच नाही. अशा निसटत्या जंतूंना रक्तातून गाळून काढायचं काम मुख्यतः पाणथरी करते. तिथे रक्त अगदी संथ गतीने मॅक्रोफेजांच्या अंगाला घासून जातं. म्हणून अपघातात पाणथरी काढावी लागली तर डॉक्टर न्यूमोकॉकसची लस देतात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्या पाणथरीत वाकड्या पेशी अडकून अडकून ती लहानपणीच सुकून जाते, पोट न उघडताच पाणथरी गेल्यासारखं होतं. त्या मुलांना पेनिसिलिन आणि लस देतात त्यामागे हेच कारण आहे. 'गोळी रोज कशाला, पोरगं तर बरं आहे' असं म्हणणाऱ्या आयांना मी एवढंच सांगते, की याच्या घरातली गाळणी फाटलीय.

आता प्रत्यक्ष गिळणं. शाळेतला अमीबा आठवा, तेच छद्मपाद. जंतू जिथे टेकला तिथे पेशीच्या पडद्याखाली ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे भराभर विणले जातात, ते पडद्याला पुढे रेटतात आणि जंतूच्या दोन्ही अंगांनी ओठासारखे काठ वर चढतात. पूर्वी वाटायचं की एकदा खटका दाबला गेला की पेशी आपोआप मिटते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एक सुरेख प्रयोग झाला. जिला गिळायचं त्या पेशीच्या फक्त एका टोकाला प्रतिपिंडं गोळा केली आणि ती मॅक्रोफेजपुढे ठेवली. मॅक्रोफेजने तिला धरलं, पण पडदा प्रतिपिंडं होती तिथपर्यंतच चढला आणि थांबला. गिळणं झालंच नाही. म्हणजे पँटची चेन लागते तसं हे चालतं, दाताला दात लागेल तसं पुढे सरकायचं आणि मधले दात तुटलेले असतील तर तिथेच अडायचं. पूर्ण माखलेला जंतू असेल तर काही मिनिटांत कारभार आटोपतो.

जंतू आत गेला म्हणजे पेशीच्या रसात मोकळा पडला, असं नाही. ज्या पडद्याने वेढलं त्याचीच पिशवी होते, तिला फॅगोसोम म्हणतात. जंतू पेशीच्या पोटात आहे खरा, पण अजून भिंतीपलीकडेच. हा बारकावा लक्षात ठेवा, आजीचा टीबी इथेच कुठेतरी आहे.

पिशवीच्या भिंतीवर आम्ल आत ओढणारे पंप बसतात. मॅक्रोफेजमध्ये साधारण अर्ध्या तासात आतला सामू (पीएच) ७ वरून ५ च्या आसपास उतरतो, म्हणजे जवळपास ताकाइतकं आंबट. मग लायसोसोम, शाळेच्या पुस्तकातल्या लयकारिका, येऊन पिशवीला जोडल्या जातात आणि आपली एन्झाइम आत ओततात. प्रथिनं, मेद, शर्करा, डीएनए, प्रत्येकाला फोडणारं वेगळं एन्झाइम आहे.

लायसोसोमचा शोध जंतूंच्या नादात लागला नाही. बेल्जियममध्ये क्रिस्तियाँ द द्यूव उंदराच्या यकृताचा रस काढून एक एन्झाइम मोजत होता. ताज्या रसात ते फार कमी भरायचं. तोच नमुना काही दिवस फ्रीजमध्ये राहिला आणि नंतर मोजला, तर खूप जास्त भरलं. एन्झाइम कुठल्यातरी पिशवीत बंद असणार आणि पिशव्या फुटल्यावर बाहेर येत असणार, हा त्याचा तर्क. १९५५ साली त्याने नाव दिलं, १९७४ साली नोबेल मिळालं. या पिशव्यांना 'आत्मघाती' म्हणून तुम्ही पाठ केलं असेल. मला तो शब्द आवडत नाही. ही एन्झाइम आम्लातच नीट चालतात आणि पेशीच्या रसाचा सामू ७ च्या वर असतो, त्यामुळे एखादी पिशवी गळली म्हणून पेशी लगेच मरत नाही. त्या पोट आहेत, बॉम्ब नव्हेत.

न्यूट्रोफिलची तऱ्हा निराळी. त्याला इतकी वाट बघायला सवड नाही. त्याच्या कणांमध्ये आधीच तयार हत्यारं असतात: जंतूच्या पडद्याला भोकं पाडणारी डिफेन्सिन, भिंत चिरणारं लायसोझाइम, लोह पळवून जंतूला उपाशी मारणारं लॅक्टोफेरिन. आणि या सगळ्यांच्या जोडीला ऑक्सिजन. गिळताक्षणी न्यूट्रोफिलचा ऑक्सिजनचा खप एकदम वाढतो, हे १९३३ पासून माहीत आहे. आधी लोकांना वाटलं, गिळायला ताकद लागते म्हणून जास्त श्वास. तसं नाही. तो ऑक्सिजन जाळायला नसतो. पिशवीच्या भिंतीवरचं एनएडीपीएच ऑक्सिडेज त्याचं सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि मग ते मघाचं हिरवं एन्झाइम त्याला क्लोराइडशी भिडवून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर टाकतो ना, ती पाण्यात जाऊन जे बनवते तेच हे. आपल्या प्रत्येक न्यूट्रोफिलच्या पोटात एक छोटी विहीर आणि तिच्यात पावडर.

ही पावडरच नसेल तर काय होतं, ते मी एका मुलाच्या स्लाइडवर पाहिलंय आणि विसरलेले नाही. साधारण तीन वर्षांचा मुलगा. मानेत गाठ, ती पिकून फुटली, बरी होते न होते तोच काखेत दुसरी, मग यकृतात गळू. जन्मताच दंडावर दिलेल्या बीसीजीच्या जागीही गाठ होऊन चिघळली होती. सीबीसी दर वेळी 'उत्तम', न्यूट्रोफिल भरपूर. दोन-तीन ठिकाणी टीबीची औषधं सुरू करून झाली होती. आम्ही एनबीटी केली. जुनी, स्वस्त तपासणी आहे: रक्तात पिवळट रंगद्रव्य घालायचं, न्यूट्रोफिलना डिवचायचं आणि काच बघायची. ऑक्सिजनची ती आतषबाजी झाली तर पिवळ्याचं गडद निळं होतं आणि पेशीत निळी-काळी ढेकळं दिसतात. या मुलाच्या एकाही पेशीत निळं नव्हतं. पेशी जंतू गिळत होत्या, पोटात ठेवत होत्या आणि तसेच जिवंत घेऊन हिंडत होत्या.

मग आईची काच लावली. तिच्या निम्म्या पेशी निळ्या, निम्म्या कोऱ्या. हा आजार बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो. आईला दोन एक्स असतात आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यातला एकच जागा असतो. ज्या पेशीत चांगला जागा ती निळी, ज्या पेशीत बिघडलेला जागा ती कोरी. अनुवंशशास्त्राचा धडा इतका स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. आता एनबीटीऐवजी फ्लो सायटोमेट्रीवर डीएचआर तपासणी करतात. मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या रक्तविकार संस्थेत अशा मुलांच्या तपासण्या होतात. रोजचं कोट्रायमॉक्सॅझोल आणि बुरशीविरोधी औषध यांवर ही मुलं तग धरतात, बोन मॅरो प्रत्यारोपणाने बरीही होतात. मूल वारंवार खोल गळवं घेऊन येत असेल आणि सीबीसी छान असेल, तर ही तपासणी सुचवायला संकोच करू नका, असं मी बालरोगतज्ज्ञांना कंटाळा येईपर्यंत सांगते.

आता आजीचा टीबी.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसाच्या वायुकोशात उतरतो आणि तिथला मॅक्रोफेज त्याला रीतसर गिळतो. जंतूला तेच हवं असतं. तो आत गेला की पिशवीचं आंबणं अर्ध्यावर थांबवतो, सामू ६ च्या वरच राहतो आणि लायसोसोम पिशवीला जोडू देत नाही. १९७१ साली आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं: मेलेले जंतू दिले तर लायसोसोम येऊन मिळतात, जिवंत दिले तर बहुतेक पिशव्यांपाशी येतच नाहीत. मग त्यांनी एक युक्ती केली. जंतूंना प्रतिपिंडं फासून दिली, म्हणजे आपलं तोंडीलावणं. आता लायसोसोम आले, जोडलेही गेले. आणि जंतू तरीही जिवंत राहिले. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा फार अस्वस्थ करून गेला होता. मेणासारख्या जाड भिंतीचा हा जंतू नुसता दार अडवून बसत नाही, दार उघडलं तरी सोसतो.

मग शरीर दुसरा डाव टाकतं. टी पेशी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, इंटरफेरॉन गॅमा हे संदेशद्रव्य सोडून मॅक्रोफेजला चेतवतात, तेव्हा त्याची मारायची ताकद वाढते. जे तरीही मरत नाहीत त्यांच्याभोवती मॅक्रोफेज एकमेकांना चिकटून भिंत रचतात, काही एकत्र वितळून अनेक केंद्रकांची राक्षसी पेशी बनतात. यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. बायोप्सीत आम्ही हाच शोधतो. जंतू आत कोंडलेला, माणूस वरून ठणठणीत, अनेकदा आयुष्यभर. वय वाढलं, मधुमेह झाला, एचआयव्ही आला, सांधेदुखीसाठी टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन अडवणारं औषध सुरू झालं की भिंत ढासळते. आजीला जंतू कदाचित तिच्या तरुणपणीच लागला असेल. तिच्या पेशींनी तो गिळला नाही असं नाही. गिळून पन्नास वर्षं सांभाळला असेल.

कुष्ठरोगाच्या स्लाइडवर तर हे आणखी ठळक दिसतं. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन घेतलेल्या स्मिअरमध्ये मॅक्रोफेज फेसाळ फुगलेले असतात आणि त्यांच्या पोटात लाल जंतूंच्या मोळ्या, सिगारेटी बांधून ठेवाव्यात तशा. रुग्णाच्या टी पेशी गप्प असतात, म्हणून मॅक्रोफेज नुसतं कोठार झालेलं असतं. औषधाने हे जंतू लवकर मरतात. पण त्यांचे सांगाडे पेशीतून साफ व्हायला वर्षं लागतात. बॅक्टेरियल इंडेक्स, म्हणजे स्मिअरमधल्या जंतूंच्या गर्दीचा अंक, ५ किंवा ६ वरून वर्षाला जेमतेम एकेक अंकाने उतरतो. औषध पूर्ण झालेला रुग्ण रिपोर्टमध्ये '३+' बघून हबकतो, 'अजून आहेच की!' नाही, ते जंतू बहुधा मेलेले आहेत. पोट अजून रिकामं झालेलं नाही, इतकंच.

इथे एक मुंबईची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आलेला वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात मेचनिकॉफचाच विद्यार्थी. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. गुरू भक्षक पेशींचा कैवारी आणि शिष्यापुढे आला तो जंतू नेमका त्या पेशींना चकवणारा. पिसवेचं अंग थंड, त्यामुळे तिच्यातून आलेल्या प्लेगच्या जंतूंवर चिलखत नसतं. न्यूट्रोफिल त्यांना गिळून मारतात. पण जे मॅक्रोफेजच्या पोटात जातात ते तिथे माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत चिलखत चढवून बाहेर पडतात आणि मग कुणालाच गिळता येत नाहीत. हे कोडं विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडलं, हाफकिनच्या हयातीनंतर.

चोथ्याबद्दल. जंतूच्या प्रथिनांचे बारीक तुकडे मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशी आपल्या अंगावर लावून टी पेशींना दाखवतात, पुढची ओळखपरेड त्यावर चालते. उरलेली अमिनो आम्लं, शर्करा पेशी वापरून टाकते. पाणथरीतले मॅक्रोफेज १२० दिवस झालेल्या लाल पेशीही अशाच गिळतात, शरीरभर मिळून दर सेकंदाला २० लाखांच्या आसपास. त्यातून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळतं, जेवणातून शोषलं जातं ते १-२ मिलिग्रॅम. हे भंगार विकून चालणारं घर आहे.

पण जे पचूच शकत नाही त्याचं काय? शवविच्छेदनात शहरी माणसाचं फुप्फुस काळ्या ठिपक्यांनी भरलेलं दिसतं. तो धुराचा कार्बन, मॅक्रोफेजच्या पोटात. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांचंही तसंच. कार्बन तसा गरीब, पडून राहतो. दगडखाणीतली सिलिका तशी नाही. तिचे स्फटिक लायसोसोमची पिशवी आतून फाडतात, पेशी मरते, स्फटिक बाहेर पडतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक मरणाबरोबर दाह आणि व्रण. म्हणून खाणीतली नोकरी सोडल्यावरही सिलिकोसिस वाढत राहतो. या मॅक्रोफेजांना टीबीचा जंतूही आवरत नाही, म्हणून त्या कामगारांत टीबी जास्त. ॲस्बेस्टॉसचा धागा पेशीपेक्षा लांब असतो. तो अर्धाच गिळला जातो, तोंड मिटत नाही आणि एन्झाइम बाहेर सांडत राहतात.

याच अपचनाची एक सुंदर बाजू म्हणजे गोंदण. आजीच्या हातावरची ती हिरवी तुळस वा कपाळावरचा ठिपका साठ वर्षं टिकला, तो कातडीत शाई मुरली म्हणून नव्हे. काजळीचे कण कातडीतल्या मॅक्रोफेजांनी गिळले आणि पचले नाहीत म्हणून. पण पेशी काही साठ वर्षं जगत नाही. २०१८ साली मार्सेयच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की रंग धरलेले मॅक्रोफेज मारून टाकले तरी गोंदण जसंच्या तसं राहतं. जुनी पेशी मरते, रंग सांडतो, शेजारी नव्याने आलेली पेशी तो उचलते. काही कण काखेतल्या लसिका गाठींपर्यंतही पोचतात. गोंदवून घेतलेल्या बाईची काळी गाठ पाहून कर्करोग पसरला की काय, अशी शंका सर्जनला येते आणि मग गाठ आमच्याकडे येते.

आता तुमच्या ७८ टक्क्यांकडे. टक्का म्हणजे शंभर पांढऱ्या पेशींत किती. त्याला एकूण संख्येने गुणायला हवं. एकूण ६,००० असतील तर न्यूट्रोफिल ४,६८०, म्हणजे अगदी नेहमीचे. एकूण १४,००० असतील तर जवळपास ११,०००, म्हणजे वाढलेले. नेहमीचा पल्ला साधारण २,००० ते ७,००० धरतात. ताप, जिवाणूंचा संसर्ग, स्टेरॉइडची गोळी, इतकंच काय जिना धावत चढून लगेच रक्त दिलं तरी हा आकडा वर जातो. रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, नवे बनलेले नसतात.

आणि पेशी काम करताहेत का, हे तर हा आकडा अजिबात सांगत नाही. त्या तीन वर्षांच्या मुलाचे न्यूट्रोफिल तुमच्यापेक्षा जास्त होते. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतर म्युकरचे रुग्ण ओळीने येत होते. नाकातल्या काळ्या खपल्यांचा केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून बुरशी बघायची तपासणी) करायचा आणि रुंद, वाकडीतिकडी बुरशी दिसायची. त्यातल्या बहुतेकांचे न्यूट्रोफिल स्टेरॉइडमुळे भरपूर वाढलेले होते. पण साखर ३००-४०० च्या घरात आणि वर स्टेरॉइड. साखरेने न्यूट्रोफिलचं धावणं, गिळणं, मारणं तिन्ही मंदावतं, स्टेरॉइडने मॅक्रोफेजची बुरशीचे बीजाणू दाबून ठेवायची ताकद जाते. म्हणून कुणी प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' चूर्ण विचारलं तर मी आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी विचारते. चूर्णाने भक्षक पेशी सुधारल्याचं मला काचेवर कधी दिसलेलं नाही, साखर आटोक्यात आल्यावर जखमा भरताना मात्र पुष्कळदा पाहिल्यात.

उलट आकडा खाली गेला तर ते गंभीर. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले आणि ताप आला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालय गाठायचं. अशा वेळी पूसुद्धा होत नाही, कारण पू व्हायला पेशी लागतात. गळू दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात.

तुमच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी किती लिहिल्यात ते आधी बघा. खाली शेऱ्यात 'बँड फॉर्म' किंवा 'टॉक्सिक ग्रॅन्युल्स' असे शब्द असतील तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. त्यांचा अर्थ मॅरो घाईघाईने कच्ची पोरं कामाला पाठवतेय. तसं काही नसेल आणि ताप गेला असेल, तर दोन आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करा आणि लॅबला सांगा की मशीनच्या आकड्यांवर न थांबता स्मिअरही डोळ्यांनी बघा. आजीला टीबी अलीकडेच झालेला असेल आणि तुम्ही एकाच घरात राहत असाल, तर त्याच फेरीत छातीचा एक्स-रे काढून घ्या.